मायला घरी कोण नेणार

औरंगाबाद
मंगळवार, ४ मे २०२१

गोकुळ,

खुशाली पुसत नाय. काल सात येळा फोन लावला. एकदा तनुजानं उचलला न् "ते शेतात गेलेत" म्हणाली. मागून तुझाच आवाज येत होता, टीव्ही बारीक कर म्हणत होतास. म्हणून ही चिठ्ठी कडुबाच्या टेम्पोत देते. त्याला म्हणलं, हातात दे, दारात टाकू नको.

मायला तू दोन दिवसांसाठी धाडली होतीस, शहरात लस लवकर मिळते म्हणून. लस झाली, लॉकडाऊन लागला, न् तू म्हणलास, "अक्का, आता आणू नको, गाव बोलतं." गावाला तोंड आहे, तुला नाय.

मग ती पडली. खुबा मोडला. दवाखान्यात टेस्ट पॉझिटिव्ह निघाली, म्हणून ऑपरेशन थांबवलं न् पायाला वजन टांगून कोरोनाच्या वार्डात ठेवली. अठरा दिवस झाले. डाक्टरीणबाई म्हणतात, "म्हाताऱ्या माणसाचा खुबा दोन दिवसांत बसवावा लागतो. आता आणखी पडून राहिल्या तर छाती भरेल." पाठीला जखम पडलीच आहे, माझी मूठ मावंल एवढी.

आता टेस्ट निगेटिव्ह आली. शुक्रवारी ऑपरेशन ठरलंय. सही मी करते म्हणलं, तर मायच नाय म्हणते. डाक्टरीणबाईंनी पुसलं, "आजी, परत चालायचं नाही का?"

"चालत जाऊ कुठं? पोरानं दार लावलंय. लेकीच्या घरात मरायचं नसतं."

तू म्हणशील, तुझ्या घरात पडली, तूच निस्तर. कशी पडली ते तू पुसलं नाहीस. मी बी सांगितलं नाय.

मला तीन दिवस ताप होता. कुणाला बोलले नाय. गाडी येऊन उचलून नेतील, दाराला पत्रे ठोकतील, म्हणून गोळ्या खात राहिले. माय आतल्या खोलीत होती. सकाळी तिनं हाक मारली, "सुरेखा, मोरीपर्यंत धर गं." चार येळा मारली. मी ऐकलं. तिला लागण नको म्हणून गेले नाय, असं मनाला सांगते. खरं म्हणजे कंटाळले होते. रोज माझंच नाव, तुझं कधी नाय. मग ती भिंत धरून एकटीच निघाली. लागण तर माझीच झाली तिला.

माय सगळ्यांना सांगते, "ओल्यात घसरले." माझं नाव घेत नाय.

मला काय बोलायचं ते बोल, गावभर सांग. पण तिला म्हण, पाय नीट करून घरी ये. म्हणलास तर न्यावं लागंल, ते आधी तनुजाला पुसून घे.

बेस्तरवारी दुपारी बारा वाजता फोन घेऊन मी तिच्या उशाशी बसते. व्हय का नाय, तिलाच सांग. फोन आला नाय तर तुझं "नाय" मीच तिच्या कानात घालीन, तुझं नाव घेऊन.

सुरेखा
अक्का म्हणायचं का नाय, ते त्यानंतर बघ.