गुलाबाचे जंतू

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन का करत नाहीस म्हणून तू पत्रात ओरडली आहेस. अगं, खोली एक आणि फोनही एकच, तो ह्यांच्या खिशात. आणि मला जे बोलायचंय ते ह्यांच्याबद्दलच. मग कसं बोलू? म्हणून लिहिते. माझं अक्षर तुला माहीत आहे, हसू नकोस.

चिमणी बरी आहे. मान धरते, कुशीवर वळते, तुझ्यासारखीच हट्टी आहे. सर्दी नाही, ताप नाही. तरी मी येता जाता तिचं कपाळ चाचपते. पहिल्या बाळाचं तसं झाल्यापासून हात आपोआप जातो. त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, जंतू रक्तात गेले म्हणून. ते दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, आणि आठवड्याच्या आत पाळणा रिकामा. ताई, हिच्या वेळी मी डोळ्यांत तेल घालून बसले आहे. हिला काही झालं तर मी नाही राहणार.

आता मुद्द्याचं. चिमणी पोटात असताना ह्यांनी हे नवं काम धरलं. अत्तराचं काम आहे, फुलांचं तेल काढतात, असं मला सांगितलं होतं. घरी येतात तर अंगाला गुलाबाचा वास. मला आवडायचा. परवा डबा विसरून गेले म्हणून चिमणीला घेऊन कारखान्यावर गेले. फाटकापाशी बरंच थांबावं लागलं. एक टँकर आला. साखरेची पोती भरून ट्रक आला. निळी पिंपं आली. ताई, फूल एकही आलं नाही. मी रखवालदाराला विचारलं की फुलांची गाडी कधी येते, तर तो इतका हसला की हातातला चहा सांडला. म्हणाला, वहिनी, नोकरीला लागल्यापासून इथे मी फुलं पाहिली ती साहेबांच्या टेबलावर, तीही प्लॅस्टिकची.

संध्याकाळी मी काही माहीत नसल्यासारखं विचारलं, आज बरीच फुलं आली का. हे म्हणाले, खूप. आणि भिंतीकडे तोंड करून जेवले.

खोटं बोलायला येत नाही ह्यांना. तरी बोलले. का बोलले असतील? तुला काय वाटतं ते लिही.

माझी काळजी करणं सोडू नकोस, पण करतेस असं दाजींना सांगू नकोस.
तुझी धाकटी


ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून शिलाई मशीन बंद केली आणि हसत बसले. नवऱ्याच्या अंगाला गुलाबाचा वास येतो म्हणून रडणारी तू पहिलीच. इथे तुझ्या दाजींच्या अंगाला बारा महिने डिझेलचा वास. टेम्पो पुसतात त्याच फडक्याने तोंड पुसतात. बदलायचा का नवरा? मी आजच बांधून पाठवते.

पण थट्टा पुरे. फुलं आत जात नाहीत आणि वास बाहेर येतो, हे मलाही खटकलं. बाईची भानगड मला वाटत नाही, तो माणूस त्यातला नव्हे. साध्या माणसाने खोटं बोलावं म्हणजे आत काहीतरी मोठं असणार. तोंडावर विचारू नकोस, सावध होईल. त्या कारखान्यात काम करणारी एखादी बाई गाठ. बायका सांगतात.

चिमणीच्या कपाळाला सारखा हात लावून ते झिजवू नकोस.
तुम्हा दोघींवर जीव असलेली,
ताई


ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाई गाठली. आमच्याच खालच्या मजल्यावर राहते, तिथल्या कँटीनमध्ये आहे. तिने जे सांगितलं ते तसंच लिहिते.

तिथे जंतू पाळतात.

खोटं वाटेल, पण तसंच आहे. घराएवढ्या पोलादी टाक्या आहेत. त्यात साखरपाणी भरतात आणि जंतू सोडतात. ते साखर खातात, वाढतात, आणि त्यांच्यातून गुलाबाचा वास निघतो. तो काढून घेतात आणि अत्तरवाल्यांना विकतात. हे काय करतात, तर टाकीतलं जरासं काढून हुंगतात आणि सांगतात की माल नीट चाललाय की आंबूस पडला. यंत्रं आहेत, पण ह्यांचं नाक यंत्राच्या आधी सांगतं म्हणे. ती मला समजावत होती की हे जंतू गरीब असतात, दुधाचं दही करणाऱ्यांसारखे, आणि तिथल्या लोकांना तुमच्याआमच्याच अंगावरच्या जंतूंची भीती, म्हणून टोपी घालून हात धुऊन आत सोडतात. मी म्हटलं, बाई, डॉक्टरीणबाईही आधी म्हणाल्या होत्या की घाबरण्यासारखं काही नाही.

म्हणजे हा माणूस दिवसभर जंतूंत हात घालतो आणि घरी येऊन माझ्या पोरीला उचलतो. आणि मला सांगतो, फुलं.

त्या दिवसापासून मी ह्यांच्या मागे हात धुऊन लागले आहे, अगदी खरंच. दारातच कपडे काढायचे, खालच्या नळावर आंघोळ, मगच आत. चादरी, दुपटी, सगळं उकळते. पाण्यात फिनेल. माझ्या बोटांची सालं निघाली. हे सगळं गप्प करतात. का म्हणून एका शब्दाने विचारत नाहीत. ताई, हेच मला जास्त वाईट दिसतं. ज्याच्या मनात काही नाही तो चिडला असता की नाही?

आणि आता ऐक. चिमणीचं पिवळं टोपडं हरवलं होतं. दोरीवर पाहिलं, शेजारणीवर आळ घेऊन झाला. काल ह्यांची पिशवी धुवायला काढली तर तळाशी स्टीलची घट्ट झाकणाची डबी, आणि डबीत टोपडं. न धुतलेलं, दुधाचा डाग तसाच. तान्ह्या पोरीचं मळकं टोपडं घेऊन कुठला बाप कामावर जातो? रात्रभर माझ्या मनात नको ते आलं. जंतू पाळणारी माणसं ती. हिच्या डोक्यावरचे जंतू नेऊन टाकीत वाढवतात की काय? ह्यांनी पोरीचं काही द्यायचं कबूल केलंय का कुणाला?

विचारलं नाही. तू म्हणालीस तसं सावध केलं नाही. टोपडं फिनेलमध्ये उकळलं, शेगडीवर वाळवलं, होतं तसं घडी घालून डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. आता बघते हे काय करतात.

चुकलं असेल तर रागव, पण विसरू नकोस.
तुझी धाकटी


ता. २५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

ताबडतोब निघ. टोपड्याचं वाचलं आणि माझ्या हातातली सुई बोटात गेली. मी त्या माणसाला साधा म्हटलं होतं, ते शब्द परत घेते. मुलीचे कपडे चोरून नेणारा बाप मी पाहिलेला नाही.

रविवारी सकाळी दाजी टेम्पो घेऊन येतील. पोरीचं सामान बांधून ठेव, पाळणासुद्धा घे. त्याला आधी काही बोलू नकोस. दाजी बोलतील, म्हणजे उभे राहतील, बोलायचं त्यांना कुठे जमतं. इथे मागची खोली मी रिकामी केली आहे. एक बाळ गेलं तेव्हा आपण सगळे गप्प बसलो. आता नाही.

तुझी वाट पाहत दारात उभी,
ताई


ता. ५ मार्च

धाकटे,

या वेळी आशीर्वाद शेवटी. आधी मला सांग, हे काय? दाजी रिकामा टेम्पो घेऊन परत आले. विचारलं तर म्हणतात, जेवलो, पोरीला खेळवलं, साडू बरा आहे. बस्स. कोण बरा आहे? मागची खोली झाडून मी बसले आहे आणि हा माणूस सांगतो, साडू बरा आहे! त्याने तुला धमकावलं का? दाजींना काही पाजलं का? तुझ्या अक्षरात कळल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

आशीर्वाद आहेतच, ते कुठे जातात.
ताई


ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुणी धमकावलं नाही. दाजींना काही पाजलं नाही. सगळं लिहिते, मग काय रागवायचं ते रागव.

रविवारी दाजी येणार असं तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हे भरदुपारी घरी आले. अंगाला गुलाबाचा वास नव्हता. बाह्या ओल्या. डबी माझ्यासमोर ठेवली आणि खाली बसले. मला वाटलं, आता मारतात. कधी हात उगारला नाही, पण वाटलं.

झालं होतं असं. दिवसभर गुलाब हुंगून नाक बधिर होतं. मग तिथली जुनी माणसं स्वतःच्या कोपरात नाक खुपसतात, स्वतःच्या अंगाचा वास घेतला की नाक परत जागं होतं. ह्यांना ते जमेना, कारण ह्यांच्या कातडीतच गुलाब मुरला. म्हणून ते टोपडं. हुंगायच्या खोलीत बसून डबी उघडायची, चिमणीच्या दुधाचा वास घ्यायचा, झाकण लावायचं, आणि पुढची टाकी. ताई, एवढंच होतं ते.

मी टोपडं उकळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी डबी उघडली तर फिनेल. नाक जे मिटलं ते उघडलंच नाही. एका टाकीत कुठून तरी दुसरे जंतू शिरले होते, ती आंबली होती. ह्यांना कळलं नाही, हे म्हणाले ठीक आहे. यंत्राने सांगेपर्यंत आठवडा उलटला, ती चांगल्या मालात मिसळली होती. सगळं गटारात गेलं. साहेबांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, सर्दी आहे. माझं नाव घेतलं नाही. हुंगायच्या खोलीतून काढून आता टाक्या धुवायला लावलंय.

मी म्हटलं, आधी सांगितलं असतं तर मी असं केलं असतं का. हे म्हणाले, तू विचारलं असतंस तर. मी म्हटलं, मी विचारलं होतं, तुम्ही फुलं म्हणालात. चिमणी मधेच बडबडायला लागली, तिला मांडीवर घेतलं.

मग हे म्हणाले की काम मिळालं त्या दिवशी घरी येताना जिन्यात थांबले होते. जंतू हा शब्द तोंडात होता. दार उघडलं तर मी सात महिन्यांचं पोट घेऊन समोर, आणि हात पोटावर. तो शब्द घरात आणवेना. म्हणून फुलं. एकदा फुलं म्हटलं की रोज फुलंच म्हणावं लागलं. नळावर आंघोळ करायला लावली तेव्हाच ह्यांना कळलं होतं की मला कळलंय, पण म्हणाले, तुला धुऊन बरं वाटत होतं तर धुऊ दे म्हटलं.

आणि टोपडं न विचारता का नेलं, ते विचारल्यावर रडले. मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हासुद्धा नाही. म्हणाले, पहिल्याचं तू काहीच ठेवलं नव्हतंस. खरं आहे ताई. मीच सगळं त्या आठवड्यात देऊन टाकलं होतं. ह्यांना विचारलं नव्हतं. ह्यांना काही हवं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी दाजी आले तेव्हा गाठोडी बांधलेली होती. तुला खोटं सांगत नाही, निम्मं मन टेम्पोत होतं. दाजी दारात उभे राहिले, तू म्हणालीस तसेच. आणि हे स्वतःच पाळणा उचलून खाली न्यायला निघाले, म्हणाले, तिथे निजेल तर निजू दे, तू घाबरत राहू नकोस. तो पाळणा मीच धरून ठेवला. दाजींनी दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, जेवायला काय आहे. फार शहाणा माणूस आहे तुझा, बोलत नाही तेच बरं.

साहेबांना जाऊन मी सांगू का, की चूक माझी आहे, असं विचारलं. हे नको म्हणतात. पण मी जाणार आहे. रखवालदार हसला तर हसू दे.

भीती गेली असं समजू नकोस. कपाळाला हात जातोच. नळावरची आंघोळ चालूच आहे, फिनेल मात्र कमी केलं. एक नवीन ठरलंय, घरी आले की कारखान्यात काय झालं ते सगळं सांगायचं, आणि फुलं म्हणायचं नाही, जंतू म्हणायचं. पहिले काही दिवस मी मन घट्ट करून ऐकलं.

काल आले ते जेवेनात. विचारलं तर म्हणाले, पाच नंबरच्या टाकीत काल रात्री हवा बंद पडली, सगळे जंतू गुदमरून मेले. मी चिमणीला पाजत होते. आणि ताई, काय सांगू, माझ्या तोंडून निघालं, अरेरे.

मागची खोली तशीच ठेव, सुट्टीत तिघं येतो. जीव लावतेस तो लावत राहा.
तुझी धाकटी