वडूजातला समुद्र

वडूज, मंगळवार, १९७४

आज लय लाज वाटली. माझ्या लेकानं, दिनकरनं, मुंबईत गाडी घेतली, तवापासनं मी नुसती हरकून हाय. तिकडं गाडीचा विमा महाग, हिकडं स्वस्त. म्हणून त्यानं कागदावर गावचा पत्ता घातला अन् मला बजावलं, "कुणी इचारलं तर गाडी वडूजातच असती म्हण."

आज विम्याचा माणूस आला. भला माणूस, चपला भाईर काढून बसला. मी मोकळा गोठा दावला. म्हणलं, "हितंच असती की. आत्ता तेवढी साताऱ्याला गेलीया." त्यानं लिवूनबी घेतलं. तिथंच गप बसावं का न्हाई मी? च्या देताना दिनकरनं धाडलेला गाडीचा फोटो पेटीतनं आणून दावला. काय झ्याक दिसती गाडी त्यात!

त्यो बघतच ऱ्हायला. मग हळूच म्हणाला, "आजी, वडूजात समुद्र कवा आला?"

हितं प्यायला पाणी न्हाई, अन् मी समुद्र दावला.

त्यानं लिवलेलं खोडलं. रागावला असता तर बरं झालं असतं. दिनकरला उद्या लिवते, मुंबईचाच विमा भर म्हणून. पण जाताना त्यो माणूस माझ्या पाया पडला, ते कसं लिवू?