अर्ध्यावर सोडलेलं झाड

दैर अल-लोझ
सोमवार, १४ नोव्हेंबर २००५

आठ महिने झाले, बहीज. शेळीसुद्धा पाच महिन्यांत पिलू देऊन मोकळी होते. तुझ्याच्याने आठ महिन्यांत एक कागद होत नाही? बदाम फुलले होते तेव्हा तुझं शेवटचं पत्र आलं. फुलं गळली, बदाम धरले, मी ते फोडले, वाळवले, निम्मे शेजारच्या उम्म साबिरला दिले, आणि किडके दिले म्हणून तिने ते गावभर सांगितलं. एवढं सगळं होऊन गेलं. तुझं पत्र नाही.

हे आधी लिहून टाकलं, कारण खाली खाली गेलं की माझा राग उतरतो, आणि हा मला उतरवायचा नव्हता. आता सलाम. अल्लाह तुला सुखरूप ठेवो. मी बरी आहे. गुडघे आहेत तिथेच आहेत.

रेड क्रॉसची मुलगी दर वेळी एकच कागद देते. या वेळी मी तीन हिसकावून घेतले. ती म्हणाली, "आजी, फक्त घरच्या बातम्या लिहायच्या हं. दुसरं काही नको." मी म्हटलं, "घरात मी एकटी. बातम्या आणू कुठून? गाढवाला विचारू?"

तर गाढवाचीच बातमी घे. आपला वझीर म्हातारा झाला. नाव वझीराचं, आणि काम बघावं तर खरोखरच वझीराचं. दिवसभर सावलीत उभा राहून मान हलवतो. तीन कोंबड्या आहेत, एक अंडी घालते, दोघी तिचं बघतात. तुझी आई झरक्याहून ईदला फोन करते. तिच्या नव्या नवऱ्याला मधुमेह झालाय. रडली. मी म्हटलं, "बाई, तू जॉर्डनमध्ये आहेस, तिथे डॉक्टर आहेत, रडतेस कशाला?" मग कळलं की ती तुझ्यासाठी रडत होती. मला वाटलं मधुमेहासाठी.

तुरुंगात तुला भेटायचा परवाना मी तिसऱ्यांदा मागितला. तिसऱ्यांदा नाही म्हणाले. "सुरक्षेच्या कारणास्तव." बहात्तर वर्षांची बाई, जिन्याच्या चार पायऱ्या चढली की बसते. माझ्या गुडघ्यांपासून त्यांच्या देशाला धोका आहे म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला एवढं तालेवार समजलं.

आता जरा थांब. मला मधल्याशी बोलायचंय.

मधल्या, म्हणजे तू, जो हे पत्र बहीजच्या आधी वाचतोस. तुला अरबी चांगली येत असणार, नाहीतर त्या खुर्चीवर बसवलं नसतं. तुझी आजी बगदादकडची यहुदी असेल. नाहीतर येमेनची. मी तुला 'तू' म्हणते, कारण आवाज ऐकला नसला तरी तू माझ्या नातवाएवढाच असशील असं मला वाटतं. बहीजचं शेवटचं पत्र सहा ओळींचं होतं. चार तू काळ्या केल्यास. राहिलं काय? "मोजे मिळाले. इथे मी सगळ्यांचं ऐकतो." बस्स. त्या चार ओळींत काय असणार? त्याला काय येतं? जेवण बेचव आहे, थंडी आहे, आजी तू औषध घे. माझ्या औषधाने तुमचं काय बिघडणार होतं?

जाऊ दे. तुझीही नोकरी आहे. हे पान जपून वाच, घाई करू नकोस. खाली तुझ्यासाठी काम आहे.

बहीज, अक्षर बघून हसू नकोस. शिकवलंस तूच. दहा वर्षांचा होतास, मी जुन्या पलंगावर, आणि तू समोर लाटणं घेऊन मास्तर. "आजी, पुन्हा काढ. हे काय, कोंबडी चालून गेली?" मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, लाटण्याने मारलं असतंस तर लवकर आलं असतं. तू स्वतः पेन एवढं दाबून लिहायचास की वहीच्या पुढच्या चार पानांवर अक्षर उमटायचं. मी म्हणायचे, कागदाने तुझं काय घोडं मारलंय?

यंदा जैतून बरा आला. परवाना माझ्या एकटीच्या नावाचा. त्यांनी गाव आणि शेत यांच्यामध्ये घातलेल्या कुंपणाचं फाटक सकाळी अर्धा तास उघडतं आणि दुपारी चारला अर्धा तास. मधला सगळा वेळ आपण आपल्याच शेतात कोंडलेले. उम्म साबिर म्हणाली, "एकटी कशी जाशील? कुणाला तरी मजुरीने लाव." मी म्हटलं, "मजुराला परवाना देतात का? वझीराला देतात, कारण त्याला मत नाही." सतरा दिवस गेले. ताडपत्री मीच पसरली, खालच्या फांद्या हाताने ओरबाडल्या, वरच्या काठीने. शिडीवर चढले नाही. दोनदाच चढले. सहा डबे तेल निघालं. घाण्यावर पहिलं तेल भाकरीवर ओतून देतात, ते मी उभ्यानेच खाल्लं आणि निघाले. बसून कुणाशी बोलायचं? सगळे आधी तुझं विचारतात आणि मग सुस्कारा सोडतात. "पोरगा तापट, आजी. तरुण रक्त." सुस्कारा सोडायला एकेकाला दुसऱ्याचा नातू चालतो, दुसऱ्याचा बाप चालतो, फक्त स्वतःचं कुणी चालत नाही.

मी मान हलवते. वर्षभर हलवतेय.

ब्रुरियाचा फोन आला होता. आठवते ना, कुंपणापलीकडच्या यहुदी गावाहून आपली जैतुनाची झाडं उतरवायला यायची, मोठी टोपी घालून, बायकांचा घोळका घेऊन. तीच, जिला पहिल्या दिवशी तू कच्चा जैतून खायला दिला होतास आणि ती थुंकायला लाजली म्हणून गिळून बसली. तिची आई बसऱ्याची. म्हणून मोडकंतोडकं अरबी बोलते. तिच्या मुलीचा मुलगा बसमध्ये होता, दोन वर्षांमागे, ज्या बसमध्ये आपल्यातल्याच एकाने स्वतःला उडवलं. नातू सतरा वर्षांचा होता, त्यातच गेला. तेव्हापासून ती आली नव्हती, फोनही नाही. मीही केला नाही. काय म्हणणार होते? आपल्या निझारला, तुझ्या बापाला, गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेला म्हणून संचारबंदीत गोळी लागली, तेव्हा तिने केला होता. एवढंच म्हणाली होती, "फिद्दा, मी आहे." तिचं तेवढं उसनं माझ्याकडे होतं. मी ते दिलं नाही. मला वाटलं, ती म्हणेल, तुमच्यातल्याच कुणीतरी केलं. तिने म्हटलं नसतं. पण मी स्वतःला तसं सांगितलं, म्हणजे फोन करायला नको.

या वेळी ती म्हणाली, "झाडं उतरवली?"

मी म्हटलं, "उतरवली."

"मुलगा कसा आहे?"

"पत्र नाही. मी लिहिते, तो लिहीत नाही."

ती मग म्हणाली, "तू लिहितेस तरी. मी कुणाला लिहू?"

मी म्हटलं, "उत्तर येत नसेल तर लिहिलं काय, न लिहिलं काय."

"तसं नाही, फिद्दा." एवढंच म्हणाली. तिच्याकडे कुणाचा तरी रेडिओ चालू होता. बराच वेळ मी तो रेडिओ ऐकत बसले, एक शब्द कळत नव्हता. मग तिने ठेवला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी, कोंबड्यांना दाणे टाकताना माझ्या मनात आलं की आतापर्यंतच्या पाच पत्रांत मी तुला कोंबड्याच लिहिल्या. मोजे, टाकी, उम्म साबिर, कोंबड्या. जे लिहायचं ते लिहिलंच नाही. म्हणून हा तिसरा कागद.

मधल्या, आता तुझं काम. हे तुझ्या साहेबाला दाखव.

गेल्या वर्षीचा शेवटचा दिवस. परवाना त्या दिवशी संपत होता. कडेचं मोठं झाड, तुझ्या आजोबांनी लग्नाच्या वर्षी लावलेलं, अर्धं उतरवून झालं होतं. चारचा भोंगा वाजला. तू म्हणालास, "आजी, चल, उरलेलं राहू दे." आमच्यात झाड अर्ध्यावर सोडत नाहीत. मधल्या, तुला माहीत नसेल, पण सोडत नाहीत. उरलेलं एक झाड सगळ्या शेताची बरकत घेऊन जातं असं माझी सासू म्हणायची, आणि तिचं सगळं खोटं निघालं तरी हे एक मी धरून बसले. तरी तू मला ओढून फाटकापर्यंत आणलंस. आपण अलीकडे आलो. वझीर आला. तेव्हा मी बघितलं, ताडपत्री तिकडेच राहिली. तिच्यावर पडलेला जैतूनही.

मी म्हटलं, "जा, घेऊन ये."

तू म्हणालास, "फाटक लागेल."

"पाच मिनिटं आहेत."

"उद्या आणू, आजी. कुणाला तरी सांगू."

आणि मी म्हटलं, "तुझा बाप असता तर एव्हाना घेऊन आला असता."

हे मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण हे गावाने ऐकलं नाही. वझीराने ऐकलं आणि तू.

तू गेलास. पळतच गेलास. फाटक लागलं. तू ताडपत्री खांद्यावर टाकून परत आलास तेव्हा कुंपण तुझ्या-माझ्यामध्ये होतं. तुझ्या हातात जैतून झोडायची काठी होती. दोन सैनिक तिकडून तुझ्याजवळ आले, एक इकडून माझ्याजवळ. त्याने मला विचारलं, "याला परत कुणी पाठवलं? हा का गेला?"

मी म्हटलं, "पोरं ऐकतात का?"

एवढंच म्हटलं. घाबरले असेन. मला तेव्हा वाटलं, म्हातारीवर हसतील, पोराला दोन शिव्या देऊन सोडतील. तू कुंपणाच्या जाळीपलीकडे उभा होतास, जाळी नसती तर हात लांब करून ताडपत्री माझ्या हातात दिली असतीस. तू ऐकलंस. माझ्याकडे बघितलंस. "आजीने पाठवलं" एवढे दोन शब्द होते. तेही तू त्यांना सांगितले नाहीस, कारण मग त्यांनी मला नेलं असतं असं तुला वाटलं. न्यायला हवं होतं. मी त्यांना चार दिवसांत मला परत घरी सोडायला लावलं असतं.

मग त्यांनी तुला तुरुंगात टाकलं, सहा महिने. पुन्हा सहा महिने. आता म्हणे पुन्हा वाढवणार. आरोप नाही, खटला नाही, फाईल गुप्त. त्या गुप्त फायलीत काय आहे ते मला ठाऊक आहे: एक ताडपत्री, एक काठी आणि चारेक किलो जैतून. आणि जे नाही ते हे, की मी पाठवलं. मधल्या, हे तिच्यात घाल. फिद्दा, निझारची आई, दैर अल-लोझ, हिने पाठवलं. मला न्यायचं असेल तर सकाळी या, दुपारी माझे गुडघे चालत नाहीत.

बहीज, "इथे मी सगळ्यांचं ऐकतो" असं तू लिहिलंस. तू सरळ लिहिलं असशील, शहाण्यासारखा राहतो म्हणून. पण ते वाक्य मी आठ महिने उलटंसुलटं करून बघतेय. पोरं ऐकतात का? ऐकतात. तू ऐकलंस, म्हणून तर तिथे आहेस.

उम्म साबिर म्हणते, पत्र मधले अडवतात. रेड क्रॉसची मुलगी म्हणते, "आजी, यादीत त्याचं नाव आहे, तो ठीक आहे." यादीला काय, यादीत नकार मिळालेल्यांमध्ये माझंही नाव आहे, मी ठीक आहे का? मला रोज वाटतं की मधलाच अडवत असावा. आयुष्यात पहिल्यांदा मी अल्लाहकडे मागतेय की दोष त्यांचाच असू दे. कारण नाहीतर तू मुद्दामच लिहीत नाहीस.

यंदा त्या कडेच्या झाडापाशी मी शेवटी आले. अर्धं झालं आणि भोंगा वाजला. मी काठी उचलली, ताडपत्री गुंडाळली आणि निघाले. मागे वळूनही बघितलं नाही. बरकत जायची तर जाऊ दे. वझीर थांबला होता, त्याला सवय नाही. त्याला एक दिली आणि आणलं.

मधल्या, शेवटचं. त्याने लिहिलं असेल आणि तू ठेवून घेतलं असशील, तर मला त्यातलं काही वाचायचं नाही. वरपासून खालपर्यंत काळं कर. सहाच्या सहा ओळी. आणि पाठव. तो दाबून लिहितो. मागून बोट फिरवलं की शाईखालचं अक्षरही हाताला लागतं. शेवटच्या पत्रातल्या त्या चार ओळी मी अशाच चाचपते. वाचता येत नाहीत, पण त्याच्या आहेत हे कळतं.

आणि बहीज, लिहिलंच नसशील, तर आता लिही. रागाचं लिही. मला शिव्या लिही. त्या मधला खोडणार नाही.

उत्तर तू द्यायचंस. यादीने नाही, वकिलाने नाही, कोठडीतल्या सुवाच्य अक्षराच्या मित्राने नाही. तू, तुझ्या हाताने.

तुला त्या झाडाकडे परत पाठवणारी,
तुझी आजी
फिद्दा