सॉल्सबरीत तू एकटी

आई, काल जेवताना लेकीनं सॉल्सबरीचा विषय काढला आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. आपण दोघी तिथे गेलो होतो तेव्हा ती चार वर्षांची होती, ह्यूस्टनजवळ शुगर लँडच्या घरी तिच्या बाबांजवळ राहिली होती. ह्यूस्टनचा उकाडा उन्हाळाभर सोसून तू परत निघालीस, तेव्हा ह्यांनीच सुचवलं की वाटेत आईंना इंग्लंड दाखव. वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत इतकी वर्षं तू इंग्लंडचा इतिहास शिकवलास, पण पाहिला तो पुस्तकातल्या काळपट चित्रांतूनच. ठरलं असं की चार दिवस हिंडायचं, मग तुला मुंबईच्या विमानात बसवून मी परतायचं. पण तेव्हा तेलाचे भाव कोसळले होते, ह्यांची कंपनी तेलाचीच, आणि आमच्या ओळखीत रोज कुणाचा तरी लेऑफ होत होता. माझा व्हिसा ह्यांच्या नोकरीवर टांगलेला. मी बाहेर असताना नोकरी गेली तर मला परत आत घेतील का, हे वकिलालाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. यातलं तुला काही कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं.

तू कॅथेड्रलमध्ये उभी आहेस. सुती पातळावर माझा कोट, पायात मोजे आणि कॅनव्हासचे बूट. समोर ते तबकडी नसलेलं जुनं घड्याळ, नुसता लोखंडी सांगाडा, तासाला टोल देणारा. ह्या लोकांचं बरं होतं, मिनिटांची कटकट नव्हती, असं तू म्हणतेस, आणि मी मात्र टेक्ससमध्ये किती वाजले असतील याचा हिशोब करते आहे. मॅग्ना कार्टाच्या, त्या जुन्या सनदेच्या, काचेवर तू इतकी वाकलीस की तिथल्या राखणदारानं घसा खाकरला. अक्षर किती बारीक आहे गं, एवढंच म्हणालीस. दुपारी ओल्ड सेरमच्या टेकडीवर वारा नुसता झोडपत होता. मूळ गाव तिथे वर होतं. पाण्याचे हाल, किल्ल्यातल्या शिपायांशी भांडणं, म्हणून लोक खाली नदीकाठी उतरले, हे तू मला वर्गात सांगावं तसं सांगितलंस. मग जरा थांबून म्हणालीस, ‘‘सगळ्यांत आधी उतरायला कोण तयार झालं असेल?’’ माझं लक्ष नव्हतं. खाली रस्त्यावर टेलिफोनची लाल खोली दिसते का, ते मी शोधत होते.

संध्याकाळी ह्यांना फोन लागला. शुक्रवारी कंपनीत काढायच्या लोकांची नावं जाहीर होणार होती, आणि वकील म्हणत होता की त्याआधीच आत ये. म्हणजे दुसऱ्याच दिवशी निघायला हवं होतं. आपण उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी चहा आणून ठेवला होता. मी तुला सगळं सांगून टाकलं. ऐकून झाल्यावर कप खाली ठेवलास.

‘‘मग तू उद्या जा,’’ म्हणालीस.

मी म्हटलं, भारतातून येताना ओळखीचे काका-काकू बरोबर होते, आता लंडनच्या एवढ्या मोठ्या विमानतळावर तू एकटी काय करशील?

‘‘विचारीन कुणाला तरी. तुझी पोर तिकडे आहे. आणि माझं स्टोनहेंज राहिलंय, ते जुने दगड बघितल्याशिवाय मी हलणार नाही.’’

सकाळी तू मला बसपर्यंत सोडायला आलीस. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. बस वळेपर्यंत तू हात हलवला नाहीस.

ह्यूस्टनला इमिग्रेशनच्या माणसानं मान वर न करता शिक्का मारला. घरी पोचताच त्या बाईंना फोन लावायला घेतला, लागला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळलं: तू सकाळीच बसनं स्टोनहेंजला गेली होतीस आणि तिकडे अंधार पडायला आला तरी परतली नव्हतीस. नंतर फोन लागेना. शुक्रवारच्या नावांत ह्यांचं नाव नव्हतं, पण मला धड आनंदही करता येईना. लेक मांडीवर बसून गोष्ट सांग म्हणायची आणि मी मधेच फोनकडे बघायचे. शेवटी एकदाचा वर्ध्याहून तुझा ट्रंककॉल आला. पोचले, म्हणालीस. दगड पाहिले, दोरी बांधलीय, जवळ जाऊ देत नाहीत. ह्यांचं कसं आहे? मी उत्तर देईपर्यंत लाइन तुटली.

ह्यांची नोकरी पुढच्याच महिन्यात गेली आणि वसंतात दुसरी मिळाली. त्यानंतर आपण एकदाच भेटलो, तुझ्या आजारपणात, आणि ते दिवस डॉक्टर-औषधांतच गेले. त्या संध्याकाळी उशीर का झाला, बस चुकली का, माळावर तू किती वेळ एकटी उभी होतीस, घाबरली होतीस का, यातलं मी काहीच विचारलं नाही. आता तू तेव्हा होतीस त्याहून माझं वय जास्त आहे. लेक टेक्ससमध्येच फ्रिस्कोला असते, सध्या सुट्टीला आलीय. जूनमध्ये ती मला सॉल्सबरीला नेणार म्हणते, तिथून बसनं स्टोनहेंजला. ‘‘आई, यू विल लव्ह इट,’’ म्हणाली. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे चांगले आहेत माझे.