निळ्या शाली

१९ मार्च, सकाळ

प्रिय चिमीस,

ताईचे आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? इकडे आम्ही दोघं ठीक. हे तर ठीकच असतात. चहा वेळेवर मिळाला की ह्यांना जगात कुठे काही बिघडलेलं दिसत नाही.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मी फोन ठेवून देते. सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये तुझ्या शालींचे सगळे फोटो पुन्हा तयार करून पाठवलेत. तुझ्या प्रदर्शनाची पुस्तिका छापणाऱ्याला हेच दे. आधीचे निळे फेकून दे. आणि हो, तू जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "ताई, या लोकरीच्या शाली आहेत की शाईत बुचकळलेले बोळे?" इथपर्यंत मी ऐकून घेतलं. पण "तुला नीट दिसतं तरी का?" हे मोठ्या बहिणीला विचारायचं असतं?

आता माझी बाजू ऐक. मी कॅमेऱ्यात रॉ फोटो काढते. म्हणजे कॅमेऱ्याने पाहिलं ते सगळंच्या सगळं, न नटवलेलं. दिसायला मेलं मळकट, पण मागाहून त्यावर हवं तसं काम करता येतं. फोटोच्या क्लासच्या मास्तरांनी या कामाच्या इतक्या तऱ्हा शिकवल्या की डोकं भणभणलं, म्हणून मी माझी साधी रीत बसवली. कॉन्व्हेंटच्या मदर शिवणाच्या तासाला म्हणायच्या, आधी टाचा, मग शिवा. तसंच. फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि लगेच दुसऱ्या डिस्कवर त्यांची प्रत ठेवायची. हललेले, अंधारलेले बाजूला करायचे. उरलेल्यांतला एकच निवडायचा, त्याचा रंग आणि उजेड मनासारखा लावायचा आणि बटण दाबून तोच बाकी सगळ्यांना लावायचा. मग कडा कापायच्या, छापण्यापुरती वेगळी प्रत काढायची, झालं. उगाच प्रत्येक फोटोशी कुस्ती कशाला?

तो एक फोटो म्हणजे साईच्या रंगाची शाल खांद्यावर घेऊन तू उभी आहेस, तो. शाली तोवर तुझ्याकडे परत गेल्या होत्या, म्हणून रंग आठवणीने लावला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती मला जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी दिसत होती. मी पिवळा कमी करत गेले, करत गेले, साय दिसली तेव्हा थांबले. आणि बटण दाबलं. एका शालीची चूक सगळ्यांच्या अंगावर.

तुझा फोन ठेवल्यावर मी ह्यांना पडद्यासमोर बसवलं. "निळ्या दिसतात?"

"निळ्याच आहेत."

"मग आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, तिने निळ्याच विणल्यात."

असा माणूस! मग मी पडद्याला दोष दिला आणि दुकानदाराशी भांडायला गेले. त्याने बिचाऱ्याने दुसरा पडदा लावून दाखवला. तोही पिवळा, पण फक्त मलाच. घरी येताना मी ह्यांच्या दोन पावलं पुढेच चालत राहिले. ह्यांना वाटलं, दुकानदाराचा राग.

चिमे, तुला आत्तापर्यंत आई आठवली असेल. मला त्या दुकानातच आठवली. भर दुपारी "दिवा लावा गं कुणीतरी" म्हणायची. शेवटी शेवटी चेहऱ्यावरून हात फिरवून मोठी कोण आणि धाकटी कोण ते ओळखायची. काचबिंदू, तोही उशिरा कळलेला. तू फोनवर विचारलंस ते मी स्वतःला केव्हापासून विचारत होते, आणि उत्तर नको म्हणून डॉक्टरकडे जात नव्हते. राग तुझा आला होता, पण थोडाच. बाकीची भीती होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आपल्या मुलांच्या वयाच्या. "आजी, हनुवटी इथे टेका." म्हटलं, "मी तुमची आजी नाही, पेशंट आहे. आणि जे असेल ते गोड न करता सांगा." त्यांनी थेंब घातले, डोळ्यांचा दाब मोजला, आत कितीतरी वेळ पाहिलं. मी शाळेतली प्रार्थना म्हणायला घेतली, ती अर्धीच आठवली. मग त्या म्हणाल्या, "काचबिंदू नाही. मोतीबिंदू आहे. आतलं भिंग पिवळं पडलंय, बदलून टाकू."

मी तिथेच रडले. बाई म्हणाल्या, "अहो, ऑपरेशन साधं असतं, घाबरू नका." त्यांना काय माहीत, मोतीबिंदू झाल्याचा आनंदही होतो!

उजवा डोळा झाला, डावा पुढच्या महिन्यात. तुला आधी कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस, गुडघा घेऊन. आत्ता उजवा मिटला तर हा कागद चहात बुडवून काढल्यासारखा दिसतो, डावा मिटला तर पांढराशुभ्र.

काल पडद्यासमोर बसायची परवानगी मिळाली. मला वाटत होतं, मी तुझे फोटो नासवून ठेवले. पण रॉ फोटोवर आपण वरून कितीही रंग ओता, खाली मूळ शाबूत असतं. त्या एका फोटोतला माझा निळा काढला, बटण दाबलं आणि एकेक करून सगळ्या शाली शुद्धीवर आल्या. हे मागे उभे होते. म्हणाले, "अच्छा, पांढऱ्या होत्या होय!"

आधी मी शालच पाहिली. मग तुला पाहिलं. किती पांढरे झालेत गं तुझे केस. मी आपली समजत होते, धाकटी अजून तशीच आहे. बराच वेळ बघत बसले. सुरकुत्या पुसायचं बटण मास्तरांनी शिकवलंय. मी त्याला हात लावला नाही.

आता एक ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. आईचा आजार मला नाही, म्हणून तो तुला नसेलच असं नाही. बाई म्हणाल्या, बहिणीचाही दाब मोजून घ्या. प्रदर्शन उरकल्यावर नाही, आधी. मी येते, तुझ्या शेजारी बसते. तुलाही "आजी" म्हणतील. चिडायचं काम माझ्यावर सोड.

हे वाचून झालं की फोन कर. या वेळी मी ठेवणार नाही. आणि तेव्हाचा तुझा प्रश्न उत्तराविना राहिला होता, म्हणून:

हो, नीट दिसतं.

तुझी,
ताई