हातमोजा

हेमलॉक लेक, मिशिगन
रविवार, १६ फेब्रुवारी १९९७

आदरणीय मिस्टर नीमी,

नमस्कार. त्या दिवशी तुमच्या सौनाच्या गरम वाफेत घाम पुसता पुसता तुम्ही म्हणाला होतात, “मिस्टर काय रे डेल, नुसतं आर्विड म्हण.” आज तेवढी जवळीक साधायची माझी लायकी नाही, म्हणून मिस्टरच लिहितो.

काल गॉर्डमामा आणि मी तुमच्या छपरावरचा बर्फ उतरवला. तुमचं कुत्रं मामाच्या भट्टीदुरुस्तीच्या दुकानात मजेत आहे. माझ्या डब्यातली अर्धी पॅस्टी, मटण-बटाट्याच्या सारणासकट, त्यानेच खाल्ली. मिसेस नीमींना आता हातात कप नीट धरता येतो, असं एलिना सांगत होती.

एलिना रोज दुकानात येते. स्टूलवर बसते, रडते. काल म्हणाली, “बाबांनी आईला मारलंच असतं. स्विचला तारेचा चिमटा लावतं का कुणी? त्यांचं तोंड बघावंसं वाटत नाही मला. तू तरी ये-जा करत होतास म्हणून, नाहीतर...” आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

दोन वर्षं मी याच गोष्टीची वाट पाहत होतो. आणि तेव्हा मला कुठेतरी पळून जावंसं वाटलं.

कॉलेजात तिच्यावरून मी एका मुलाचं नाक फोडलं, त्याच तिरमिरीत शिक्षणही सोडलं. “तू ते माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी केलंस,” असं ती म्हणाली होती. नंतर तुम्ही मला दारातच सांगितलंत, “काम असेल तरच या घरी यायचं.” राग आला होता. मग मी काम तयार केलं.

मामाच्या हाताखाली कामाला लागलो त्या पहिल्याच दिवशी त्याने मला, तुमच्याकडे आहे तशा घर तापवणाऱ्या भट्टीतली ती चपटी गोल डबी दाखवली होती. आधी छोटा पंखा धूर बाहेर ओढतो. ओढ नीट बसली तरच डबीतला स्विच टिक् करतो, आणि मगच गॅस सुटतो. पाइप तुंबला की टिक् नाही, गॅस नाही. घर गार पडेल, पण माणसं जगतील. “कॉलेजवर भडकलास तसा याच्यावर भडकू नकोस,” मामा म्हणाला होता. “हा अडला तर का अडला ते शोधायचं.”

नाताळ झाल्यावर तीन रविवार, तुम्ही तिघं चर्चला गेलात की मी तुमच्या उत्तरेच्या भिंतीतल्या धुराच्या पाइपात हातमोजा कोंबायचो. घर गार पडायचं, तुमचा फोन यायचा. येताना मोजा हळूच काढून खिशात घालायचा, तळघरात थोडी खुडबुड करायची, की वर कॉफी, वेलदोड्याचा पाव आणि समोर एलिना. मिसेस नीमी चिडवायच्या, “आमची भट्टी याच्यावर भाळलीय बहुतेक!” तुम्ही हसायचात. तिसऱ्या वेळी तुम्ही विचारलंत, “सारखं का बंद पडतंय रे?” मी म्हणालो, “स्विच कुचकामी आहे. उगाच अडतो. नवीन मागवतो.” मागवला नाही.

त्याच स्विचच्या भरवशावर मी तुमच्या पाइपात मोजा कोंबत होतो, आणि तुम्हाला सांगत होतो की त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

इथवर लिहून थांबावंसं वाटतंय. पण अजून एक आहे.

सव्वीस जानेवारीला, चौथ्या रविवारी, मी फोनजवळ बसून राहिलो. फोन आला नाही. दिवस मावळताना मोजा काढायला गेलो, तर तो अर्धवट बाहेर ढकलला गेला होता आणि हाताला गरम लागत होता. आत भट्टी चालू होती. पाइप तुंबलेला असताना ती चालूच शकत नाही, मिस्टर नीमी. कुणीतरी तार जोडून स्विचला बगल दिलीय, हे मला तिथेच कळलं. दुसऱ्या दिवशी एलिना म्हणाली, “काल दिवसभर डोकं ठणकत होतं बाई.” तेव्हाही मी गप्प. तुम्हाला सावध करायचं, तर मोज्याचं सांगावं लागलं असतं.

अकरा दिवस मी गप्प बसलो. सहा तारखेला वादळ आलं, पाइप बर्फाखाली गेला, भट्टीचा विषारी धूर घरात कोंडला, आणि मिसेस नीमी कपडे धुवायच्या मशीनपाशी पडलेल्या सापडल्या.

दवाखान्यात तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणत होतात, “माझ्या हातांनी केलं.” मी तुमच्यापासून चार पावलांवर उभा होतो.

चिमटा तुम्ही लावलात, पण माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून. हे पत्र आधी एलिनाला वाचायला द्या. तिला वेगळं लिहिलं नाही, कारण त्यात मी माफी मागितली असती. मामाला आज सकाळी सगळं सांगितलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने फक्त दुकानाच्या किल्ल्या मागून घेतल्या.

चिमटा मामाने काढलाय. स्विच मात्र बदलू नका, तो चांगला आहे. तो प्रत्येक वेळी खरंच बोलला.

सोबत हातमोजा पाठवतोय. नाताळात मिसेस नीमींनीच विणून दिला होता, “एक तरी जोडी सांभाळ रे,” म्हणून. त्यांना दाखवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या दारात आता कामासाठीही न येणारा,
डेल पेल्की