डॉक्टरीणबाईंची इंजेक्शनं

पिंप्राळा, जळगाव

प्रिय अक्का,

तुला आणि आईला नमस्कार. फोनवर तू रडतेस, म्हणून लिहितेय.

तू धुळ्यात मिळवलेली माझी इंजेक्शनं बर्फासकट पोचली. इथे अजून मिळत नाहीत. लॉकडाऊन म्हणून हद्दीवरच्या पोलिसाने यांना अडवलं होतं. औषधाच्या चिठ्ठीवर माझ्या नसांच्या आजाराचं नाव ‘एमएस’ वाचून, ती माझी पदवीच समजून म्हणाला, “मंग बाई डॉक्टर शे का? जाय भाऊ, लवकर जाय!” यांनी चूक न सुधारता गाडी पुढे काढली. घरी आल्यावर आम्ही पोटभर हसलो.

आता हसू येत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचंय. त्या पोलिसाला खरं कळलं आणि त्याने यांना सोडलं नाही तर? मी उगाच फ्रीज उघडून बघत राहते. उन्हाने डावा पाय जड होतो, बाकी बरी आहे. आईचा खोकला थांबला का?

रागावू नकोस, या वेळी यांच्यामागे गाडीवर बसून मीही येणार. तू पिशवी घेऊन नाक्याच्या पलीकडे थांब. मी त्या पोलिसासमोर काठी टेकत चालत येईन. मग त्याला काही सांगावं लागणार नाही. आणि तू मला दिसशील.

तुझीच धाकटी,
मोहिनी